आयसीयूत येणाऱ्या इंटर्नसाठी

उदगीर असो, परभणी असो की शिरवळ, पशुवैद्यकीय कॉलेजातलं इंटर्नशिपचं वर्ष सुरू झालं की काही मुलंमुली सोलापुरात आमच्या जनावरांच्या दवाखान्यात येतात आणि आल्या आल्या विचारतात, "मॅडम, इंट्युबेशन करायला मिळेल का?" म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायला. मिळेल की. पण आयसीयूतलं रोजचं काम वेगळं आहे. दर तासाला पिंजऱ्याचं दार उघडायचं, हिरडी बघायची, मांडीच्या आतून नाडी धरायची, श्वास मोजायचे, थर्मामीटर लावायचा आणि जे दिसलं ते तक्त्यात लिहायचं. पुढच्या तासाला पुन्हा तेच. दोन दिवसांत याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. तरी बहुतेक जनावरं याच कामावर वाचतात, म्हणून सुरुवात इथूनच.

निरोगी कुत्र्याचा ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट, हिरडी गुलाबी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत. हे तुम्हाला पाठ असतं. परीक्षेत न विचारलेली गोष्ट अशी की आयसीयूत एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. पारवो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, झालेलं कुत्र्याचं पिल्लू घ्या. दहा वाजता नाडी 140, ताप 102.4. अकराला 160 आणि 101. बाराला 185 आणि 99.6. यातला एकेक आकडा सुटा दाखवला तर कोणीही म्हणेल, पिल्लू आहे, घाबरलं असेल, पंख्याखाली होतं. तीन ओळी एकाखाली एक वाचा. नाडी चढतेय आणि ताप उतरतोय, म्हणजे पिल्लू शॉककडे, रक्ताभिसरण कोलमडण्याकडे, चाललंय. मालकाला मात्र "ताप उतरला" ही चांगली बातमी वाटते आणि नवा इंटर्नही कधीकधी तीच बातमी आनंदाने देऊन येतो. म्हणून तक्ता भरताना मागच्या दोन ओळी वाचल्याशिवाय नवी ओळ लिहायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

पिल्लाला हात लावायच्या आधी मात्र लांबून बघा. श्वास दारातूनच मोजा, कारण दार उघडलं की तो आकडा खोटा होतो. पोट आत-बाहेर ओढतंय का, मान पुढे ताणून बसलंय का, कुशीवर झोपतंय की छातीवरच बसून राहतंय. छातीवर बसून राहणारं, झोपायला तयार नसलेलं जनावर श्वासाला झगडत असतं. त्याला एक्स-रेसाठी आडवं पाडायची घाई करू नका. आधी ऑक्सिजन, मग बाकी सगळं.

सलाईनचं गणित एकदा नीट बसवून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता डोकं चालत नसलं तरी हात चालेल. पाच किलोचं पिल्लू, अंगातलं पाणी अंदाजे 8 टक्के कमी. पाच गुणिले आठ गुणिले दहा, म्हणजे 400 मिली तूट. दिवसभराची नेहमीची गरज किलोला 60 मिली धरली तर 300. एकूण 700 मिली चोवीस तासांत, तासाला साधारण 29. आता मायक्रोड्रिप सेटला एका मिलीचे 60 थेंब पडतात, त्यामुळे तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब हा आकडा एकच येतो. 29 मिली म्हणजे मिनिटाला 29 थेंब, दोन सेकंदांना एक. पंप असला तरी हे तोंडपाठ हवं, कारण लाईट जाते, इन्व्हर्टर कुरकुरतो आणि पंप नेमका तेव्हाच बंद पडतो. साध्या सेटला मिलीचे थेंब वेगळे असतात. ते पाकिटावर छापलेलं असतं, वाचून घ्या. आणि हे 700 म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पिल्लू जितकं ओकतंय आणि हगतंय तितकं वर धरावं लागतं, म्हणून पॅड फेकून देण्याआधी वजन करा. ओला पॅड वजा कोरा पॅड, झाला हिशोब.

पाणी कमी पडण्याइतकंच जास्त होणंही वाईट. नाकातून पातळ पाणी गळायला लागलं, डोळ्यांच्या कडा सुजल्यासारख्या दिसल्या, श्वास वाढला, सकाळपेक्षा वजन भलतंच चढलं, की आधी ड्रिप हळू करा आणि मग मला उठवा. लघवीवर लक्ष असू द्या. किलोमागे तासाला एक ते दोन मिली झाली तर मूत्रपिंडं काम करताहेत. "केली असेल, पॅड ओला आहे" हे उत्तर चालत नाही.

पारवोच्या पिल्लात रक्तातली साखर विसरू नका. 60 च्या खाली आली की पिल्लू लुळं पडतं, कधी आचके येतात आणि आपण मेंदूकडे बघत बसतो. कानाच्या टोकाचा एक थेंब आणि ग्लुकोमीटर, एवढंच लागतं. दुसरं, एकदा सुधारलेलं पिल्लू अचानक परत ओकायला लागलं, पोटाला हात लावू देईना, तर पोट हळुवार चाचपा. आतड्यात आतडं शिरलं असेल तर बोटांना लांबट, घट्ट वळकटी लागते. हे औषधाने सुटत नाही, थेट ऑपरेशन. आणि ओकारी आटोक्यात आली की नाकातल्या नळीतून थोडं थोडं खायला सुरू करायचं. चार दिवस उपाशी ठेवायची जुनी रीत आता मागे पडली आहे.

पारवोचा विभाग वेगळा आहे, चपला वेगळ्या, एप्रन वेगळा. तिथून निघताना खिशातलं सॅनिटायझर हातावर चोळून समाधान मानू नका. या विषाणूला अल्कोहोल काही करत नाही. साबणाने हात धुवायचे. फरशीवरची घाण आधी पूर्ण काढायची आणि मग एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवायची. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी बघून पाणी वापरायची सवय सगळ्यांनाच आहे. पण पारवोच्या खोलीत काटकसर करायची नाही. ती बाहेरच्या अंगणात करा.

एप्रिल-मे हा आमचा वेगळाच हंगाम. पारा चाळीशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर, बंद गाडीत राहिलेले कुत्रे यायला लागतात. पग सगळ्यात आधी. मालक कुत्र्याला ओल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणतो, प्रेमाने आणतो, आणि ती जाड ओली चादर आतली उष्णता आतच कोंडते. ती आधी काढा. अंगावर नुसतं गार पाणी, बर्फ नको, आणि समोर पंखा. दर पाच मिनिटांनी ताप बघा आणि 103.5 ला आला की थांबा, नाहीतर तो खाली घसरतच जातो. कुत्रा उठून बसतो, शेपूट हलवतो, मालक म्हणतो, "सोडा आता, बरा झाला." इथे ठाम राहायचं. उष्माघाताचा खरा हिशोब पुढचे दोन-तीन दिवस चालतो. रक्त गोठायचं बिघडतं, मूत्रपिंडं बसतात, शौचातून रक्त जातं. रोज कानाच्या आतली आणि पोटाची कातडी उजेडात धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले की लगेच कळवा.

पाऊस पडला की साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे मिळतं आणि त्याचा डोस कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. लहान कुत्र्यातही विष तेवढंच गेलेलं असतं. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर कोऱ्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवा. नळी आडवी केल्यावर रक्त वाहिलं तर ते गोठत नाहीये. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. नागाच्या दंशात सूज कमी-जास्त असेल, पण डोळ्यांच्या पापण्या, जबडा, छाती यांच्याकडे बघत राहायचं. छातीची हालचाल उथळ होत चालली की तुमचं ते इंट्युबेशन. प्रतिविष सुरू असताना पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही. अचानक उलटी, जुलाब, तोंडाला सूज आली तर रिअॅक्शन समजा. अॅड्रेनलिन भरलेली सिरिंज हाताशी हवी, कपाटात नको.

ग्रामीण भागातून छोट्या हत्तीत घालून शेळ्या, वासरंही येतात. कोवळ्या ज्वारीची किराळ (विषबाधा) लागलेलं जनावर आयसीयूपर्यंत क्वचितच पोचतं, ते काम गोठ्यावरच मिनिटांत करावं लागतं. धान्याच्या राशीवर तोंड मारलेली शेळी मात्र पोचते. ती तुम्हाला बाकीचे शिकवतील, आमच्या वॉर्डात तिचा मुक्काम थोडा असतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे पुस्तकात वाचलेलं असतं. वॉर्डात ते असं दिसतं: अत्यवस्थ कुत्र्याची नाडी पळते, अत्यवस्थ मांजराची मंदावते आणि अंग गार पडतं. 120 नाडी आणि 97 ताप असलेलं शांत मांजर "शहाणं" नसतं, ते जायच्या बेतात असतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणाऱ्या मांजराला धरून रक्त काढायला गेलात तर ते तुमच्या हातातच जाऊ शकतं. ऑक्सिजनच्या पेटीत ठेवा आणि थांबा. आणि हिरड्या तपकिरी, तोंड-पंजे सुजलेले दिसले तर विचारा, घरी तापाची गोळी दिली का? माणसाची पॅरासिटॅमॉल मांजराला विष आहे. विचारताना आवाजात आरोप आला की मालक "नाही" म्हणतो.

एक गोष्ट येण्याआधीच करून या. रेबीजची लस, आधीच घ्यायची, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. ती नसेल तर मी वॉर्डात घेत नाही, मग कोणाची ओळख घेऊन या. "घशात हाड अडकलंय" म्हणून आणलेला, जबडा लोंबणारा, लाळ गाळणारा, आवाज बदललेला कुत्रा दिसला तर तोंडात हात घालायचा नाही, टॉर्चसुद्धा नाही. हाड अडकलेला कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो. रेबीजचा मुका प्रकार नुसता बसून राहतो. असा पेशंट आयसीयूत भरती होत नाही, बाहेरच वेगळा ठेवून वरिष्ठांना बोलवायचं. चावला, ओरखडला, तर आधी पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, मग रडा.

धरायचं कसं, हे वॉर्डातल्या मामांकडून शिका. मामांकडे डिग्री नाही, पण मुसकं कधी बांधायचं आणि कधी बांधलं तर जनावर गुदमरेल हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी कळतं. गोचीड तापाने प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्याला ते अशा हलक्या हाताने धरतात की कातडीखाली डाग पडत नाही. अशा कुत्र्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायला जाऊ नका. पुढच्या पायातून घ्या आणि नंतर पाच मिनिटं स्वतः दाबून धरा. मामांना "ए, पकड ना" म्हणणाऱ्या इंटर्नला शीर सापडत नाही, असा आमचा अनुभव आहे. कारण तुम्हीच ओळखा.

मालकांशी बोलणं हा भाग कॉलेजात जवळजवळ शिकवत नाहीत. सोलापुरात माणूस मराठीत सुरुवात करतो आणि घाबरला की घरच्या भाषेवर येतो. पूर्व भागातला असेल तर तेलुगू, अक्कलकोटकडचा असेल तर कन्नड, नाहीतर दखनी. खाल्लं का, ओकला का, लघवी झाली का, कधीपासून, एवढे चार प्रश्न या भाषांत शिकून ठेवा, मामा शिकवतील. पैशांबद्दल तुम्ही स्वतः काही बोलू नका, पण मालकाने विचारलं तर टाळूही नका. "सर येतील, तोवर मी त्यांना तुमचं कळवते" म्हणा आणि खरंच कळवा. रोजचा खर्च अंदाजे किती, हे पहिल्याच तासात सांगितलं गेलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी बिल बघून कुत्रा घरी नेणारा माणूस निर्दयी नसतो, त्याला कोणी आधी सांगितलेलं नसतं. "काही होणार नाही, बरा होईल" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. "आत्ता असं आहे, संध्याकाळी सहाला परत सांगतो" म्हणा आणि सहाला फोन करा, बदल नसला तरी.

भरती करतानाच विचारून लिहून ठेवायची आणखी एक गोष्ट: हृदय थांबलं तर प्रयत्न करायचे का? प्रश्न अवघड आहे, पण पिंजऱ्यात कुत्रा निपचित पडल्यावर फोन लावून विचारायला वेळ नसतो. हो असेल तर मिनिटाला 100 ते 120 दाब, छातीच्या रुंदीच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत, मिनिटाला दहा श्वास, आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा. पहिल्या वेळी तुम्हाला वाटेल आपण दमलो नाही. घड्याळाकडे बघणाऱ्याने बदला म्हटलं की बदला. नाही असेल तर पिंजऱ्यावर तशी खूण असते, तिचा मान ठेवा. तुमचा आवडता पेशंट असला तरी.

शिफ्ट बदलताना तोंडी सांगणं पुरत नाही. पिंजऱ्यासमोर उभं राहून सांगायचं: काय झालंय, काल रात्रीपासून कुठे चाललंय, आता काय चालू आहे, पुढच्या चार तासांत कशाची भीती आहे. शेवटचा मुद्दा सगळे गाळतात. नव्या माणसाने तुमच्यादेखत हिरडी बघायची, ड्रिपचे थेंब मोजायचे, इंट्राकॅथची, म्हणजे शिरेतल्या सलाईनच्या नळीची, जागा सुजली नाही ना हे पट्टी सोडून बघायचं. त्याचा आकडा तुमच्या आकड्याशी जुळला की तुम्ही सुटलात. जुळला नाही तर दोघांनी परत मोजा. बॅग तोवर खांद्याला लावू नका.