स्लॅब कच्चा राहिला की सिमेंटला दोष देता? आधी या चुका टाळा

विट्याकडच्या एका घराचा स्लॅब आम्ही एप्रिलमध्ये टाकला. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी खिळ्यानं ओरखडा काढला, तर पीठ निघालं. त्यांना वाटलं, मिस्त्रीनं सिमेंट मारलं. रिकाम्या बॅगा मोजल्या, हिशेब चोख होता. चूक मिक्सरमध्ये सोडलेल्या पाण्याच्या पाइपची होती, आणि तो पाइप बंद करायला लावणं माझं काम होतं.

सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी पुरतं. बाकीचं आपण माल पसरायला घालतो. ते पुढं उडून जातं आणि मागं बारीक पोकळ्या ठेवतं. एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा एक दर्जा) च्या ठरीव मिश्रणात ५० किलोच्या बॅगेला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, म्हणजे रंगाची २० लिटरची बादली दीड वेळा. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही याच ३० लिटरमध्ये धरायचं. गवंडी "माल पळत नाही" म्हणाला तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, पाइप नको. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) धूळ जास्त असली की ती पाणी पिते आणि मागणी आणखी वाढते, म्हणून गाडी उतरवण्याआधी मूठभर हातात चोळून बघा. जेवणाच्या सुट्टीत आळलेला माल पाणी मारून परत मऊ करणं तर पूर्ण बंद करा. तो माल टाकून द्या.

पाणी कुठलं, हेही बघा. वाळवा-मिरज भागात नदीकाठच्या जमिनी खारवटल्यात, तिथल्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय आरसीसीला वापरू नका. क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्यापुढं सळई गंजते.

मालातली हवा काढणाऱ्या व्हायब्रेटरचा कंटाळा करू नका. मालात ५ टक्के हवा राहिली तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. व्हायब्रेटरची सुई पटकन आत घालायची आणि सावकाश वर काढायची.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात. जत, आटपाडी, माण, खटाव या भागात उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून काम भागवतात. मला त्यांची अडचण कळते. पण दोन्हीच्या मधे स्लॅब वाळतो, आणि वाळला की सिमेंटची क्रिया थांबते. त्यापेक्षा पृष्ठभाग घट्ट झाला की त्याच संध्याकाळी ओली पोती टाका, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवा. पाणी कमी लागतं. आपल्याकडं बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट येतं. त्याला किमान १० दिवस, कोरड्या कडक उन्हाळ्यात १४ दिवस ओल हवी. साताऱ्याच्या पठारावर वारं सुटलेलं असेल तर पोती दगडानं दाबून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री भेगा पडतात.

आता शंका आली तर काय करायचं? त्याच मालाचे १५० मिलिमीटरचे क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून ठेवले असतील तर २८ दिवसांनी निकाल कळतो. पीपीसीची ताकद सावकाश वाढते, ७ दिवसांचा आकडा कमी दिसला म्हणून लगेच तोडफोड नको. सेंट्रिंगचे टेकू मात्र काढू नका. हातोडीची रिबाउंड चाचणी फक्त अंदाज देते, खरा निर्णय कोअरवर (स्लॅबमधून कापून काढलेल्या गोल तुकड्यावर) होतो: तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. खडी उघडी पडून मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर वरून गिलावा करून झाकू नका. भुसभुशीत भाग घट्ट काँक्रीट लागेपर्यंत छिन्नीनं काढा, धुवा आणि नॉन-श्रिंक ग्राउट (न आकसणारा सिमेंटचा भराव) भरा. कॉलम-बीमच्या जोडावर असेल तर इंजिनिअर येईपर्यंत हात लावू नका.

विट्याच्या त्या स्लॅबचे तीन कोअर काढले. दोन पास झाले, तिसरा ७५ च्या खाली आला. मालकांनी त्या बाजूच्या खोल्यांवर वरचा मजला चढवायचा बेत सोडला.