हनीकोम्बच्या भिंती फाटतायत? आधी माल गार करा

कॉर्डिएराइट या सिरॅमिकचा हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार ठोकळा) एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे मळलेला माल साच्यातून दाबून बाहेर काढणाऱ्या मशीनमधून, काढताना दुपारी अचानक प्रेशर चढतं आणि भिंती फाटायला लागतात, तेव्हा डायला (साच्याला) दोष देण्याआधी मालाचं टेंपरेचर बघा, कारण मिथाइल सेल्युलोज बाइंडर (पावडर बांधून धरणारा पदार्थ) तापला की जेल होऊन घट्ट बसतो.

१. बाइंडर कोरडाच सिरॅमिकच्या पावडरमध्ये नीट मिसळून घ्या, थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि डायच्या बारीक फटीत अडकतात.
२. मग फ्रीजमधलं गार पाणी घालून मळा, हवाबंद गुंडाळून रात्रभर ठेवा.
३. बॅरलच्या (मशीनच्या नळकांड्याच्या) जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणातून, गार पाणी फिरतं ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या घर्षणाने पण माल बराच तापतो.

माल घट्ट वाटला म्हणून वरून पाणी मात्र घालू नका, ओल्या भिंती खचतात आणि सुकताना जास्त आकसून तडे जातात.