स्पिरुलिना घेताना पारख कशी करावी: आधी रिपोर्ट, मग रंग

शेवाळाची पूड विकत घेताना आपण खरं तर ते ज्या पाण्यात वाढलं, त्या पाण्याचीच खरेदी करत असतो. पाण्यातलं चांगलं-वाईट शेवाळ शोषून घेतं आणि वाळवल्यावर ते सगळं पुडीत दाटून राहतं. म्हणून पारख पाण्यापासून सुरू करायची.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी आहे. स्पिरुलिना हे खाण्याचं निळसर-हिरवं शेवाळ तिथे आपसूक वाढतं. शेतावरच्या टाक्यांतही असंच पाणी तयार करतात: खाण्याचा सोडा, मीठ, खतं आणि 9 ते 11 पीएच (पाणी किती अल्कधर्मी ते सांगणारा आकडा). अशा पाण्यात इतर जीव फारसे तग धरत नाहीत, हा स्पिरुलिनाचा मोठा फायदा. पण शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांना पीएच अडवत नाही. ते बोअरच्या पाण्यातून किंवा हलक्या प्रतीच्या खतातून येतात आणि पुडीत उतरतात.

डब्यावर काय वाचायचं

आधी शास्त्रीय नाव शोधा. स्पिरुलिना असेल तर ‘आर्थ्रोस्पिरा प्लाटेन्सिस’, क्लोरेला (पूड करून विकलं जाणारं दुसरं हिरवं शेवाळ) असेल तर ‘क्लोरेला वल्गारिस’ किंवा तिच्या जवळची जात. नुसतं ‘ब्लू-ग्रीन अल्गी’ लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा. मग बॅच नंबर, तारीख आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 आकडी परवाना पाहा. हा नंबर त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकून तपासता येतो. मात्र परवाना खरा निघाला म्हणजे तुमच्या हातातली बॅच तपासलेली आहे, असं नाही.

प्रोटीनचा आकडाही बघा. चांगल्या स्पिरुलिनात 100 ग्रॅममागे साधारण 55 ते 70 ग्रॅम प्रोटीन असतं. ‘शुद्ध स्पिरुलिना’ म्हणून विकलेल्या पुडीत 35-40च दिसलं तर आत दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची शक्यता आहे.

शाकाहारी वाचकांनी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. स्पिरुलिनाच्या डब्यावर बी-12चा आकडा कितीही मोठा छापलेला असो, त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराला न चालणारा, बी-12सारखा दिसणारा पदार्थ असतो. बी-12 कमी आलं असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्या.

विक्रेत्याकडे काय मागायचं

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. कंपनीला मेल करा आणि तुमच्या बॅचचा ‘सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस’, म्हणजे तपासणीचा रिपोर्ट मागा. मी एकदा मागितला तेव्हा छान रंगीत पीडीएफ आली, पण तिच्यावरचा बॅच नंबर माझ्या डब्याच्या नंबरशी जुळत नव्हता आणि तारीख दोन वर्षं जुनी होती. तो कागद माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. डबा परत केला. रिपोर्ट एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं तपासलेल्या) प्रयोगशाळेचा असावा, त्यात वरच्या चारही धातूंचे वेगवेगळे आकडे असावेत, साल्मोनेला आणि ई-कोलाय हे जंतू नसल्याची नोंद असावी. ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलं असेल तर किती प्रमाणापर्यंत मोजलं, तेही शेजारी हवं.

आणि मायक्रोसिस्टिन. हे यकृताला इजा करणारं विष काही नीलहरित शेवाळं बनवतात. स्पिरुलिना स्वतः ते बनवत नाही, पण ती वाढवताना सोबत दुसरं शेवाळ मिसळलं तर ते पुडीत येऊ शकतं. उघड्या तळ्यातून गोळा केलेल्या मालात हा धोका जास्त. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ तळ्यातून अफानिझोमेनॉन नावाचं शेवाळ काढून विकतात. ओरेगनच्या सरकारनं 1997मध्ये अशा मालासाठी ग्रॅममागे 1 मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन अशी मर्यादा घातली.

आता हिशोब करा. जागतिक आरोग्य संघटनेनं रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 0.04 मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2.4. ओरेगनच्या मर्यादेत जेमतेम बसणारी पूड त्यानं रोज 2 ग्रॅम घेतली तर 2 मायक्रोग्रॅम पोटात जातं, चालून जातं. तेवढीच पूड 15 किलोच्या मुलाला दिली तर? त्याची मर्यादा 0.6 आहे, पोटात जातं 2. तिपटीहून जास्त. लहान मुलांच्या दुधात ही पूड ढवळून देण्याआधी हा आकडा आठवा. उकळूनही हे विष जात नाही.

घरी काय पाहता येतं

काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, वर अर्धा चमचा पूड भुरभुरवा, ढवळू नका. रात्रभर ठेवा. चांगल्या, ताज्या स्पिरुलिनातून फायकोसायनिन नावाचा निळा रंग पाण्यात उतरतो. सकाळी वरचं पाणी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि खिडकीपाशी धरून बघा: शाईसारखं निळं दिसतं, उन्हात कडेनं लालसर झाकही मारतं. पाणी मळकट आणि फिकं राहिलं तर पूड जुनी किंवा जास्त तापवून वाळवलेली. गाळलेलं पाणी पोपटी-हिरवं आलं तर वरून रंग घातल्याचा संशय घ्या, कारण शेवाळाचं हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. क्लोरेलात हा निळा रंग नसतोच, तिला ही परीक्षा लावू नका.

चिमूटभर जिभेवर ठेवा. खारट लागली तर टाकीतलं सोड्याचं पाणी नीट धुतलेलं नाही. समुद्रकाठचा हलका वास ठीक, सडक्या मासळीचा किंवा अमोनियाचा नको.

या परीक्षा ताजेपणा सांगतात, एवढंच. शिसं ना निळं दिसतं, ना त्याला वास असतो. त्यासाठी रिपोर्टच हवा.

फिनाइलकीटोन्युरिया (प्रोटीनमधला फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक शरीराला हाताळता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी स्पिरुलिना घेऊ नये. ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा) आजार असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

डबा उघडल्यावर घट्ट झाकून, उजेडापासून लांब ठेवा, ओला चमचा घालू नका. पुढचा डबा मागवाल तेव्हा बॅच नंबर बदललेला असेल. रिपोर्टही नव्यानं मागवा.