स्टोन टाऊनमध्ये नवखे आहात? या चुका टाळा

टांझानियातल्या झांझिबार बेटावर स्टोन टाऊन या जुन्या शहरात आपली मंडळी उतरली की त्याच त्या चुका करतात. मीही केल्या आहेत, म्हणून हक्काने लिहितेय.

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाची. इथे विषुववृत्त जवळ, सूर्य बारा महिने सहाच्या आगेमागे उगवतो, आणि इथल्या स्वाहिली भाषेत तास तिथपासून मोजतात. ‘सा मोजा’ म्हणजे एक वाजता, पण आपले सात! मला हे कुठे ठाऊक? गारी, पेसा, चाई ऐकून भाषा आलीच असं वाटलं होतं. फोनवरून आकडे पाठ केले आणि ऐटीत गाडीवाल्याशी बोलले. जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं बघायची होती. तो म्हणाला, “केशो, सा म्बिली.” उद्या दोनला. मी उशिरा उठले, भरपेट जेवले आणि दोनला दारात उभी. तो सकाळी आठला येऊन, तासभर ताटकळून गेला होता. आगाऊ दिलेले पैसे बुडाले. घरमालकीण संध्याकाळपर्यंत हसत होती. आता वेळ ठरवताना मी मनगट पुढे करते आणि समोरच्याला काट्याची जागा बोटाने दाखवायला लावते. तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा, तो स्वाहिली तास. बेरजा करत बसू नका.

दुसरी चूक, दुकानात शिरताच “कितीला?” हा शुद्ध उद्धटपणा. आधी “हाबारी?” (काय खबर?), वडीलधाऱ्यांना आदराने “शिकामो”, ते उत्तरादाखल “मराहाबा” म्हणतील, मग विषय काढा. दोन मिनिटं जातात, जाऊ द्या. आणि ते ‘हाकुना मटाटा’ (काही अडचण नाही) घरीच ठेवा. इथली माणसं आपसांत त्याच अर्थाने ‘हामना शिदा’ म्हणतात.

गल्ल्यांत नकाशावरचा ठिपका उड्या मारतो. फोन खिशात टाका. चालत राहा, एकीकडे समुद्र लागतो, दुसरीकडे दाराजानी बाजाराचा मोठा रस्ता. फोन धरून गोंधळलेला चेहरा दिसला की वाट दाखवणारे चिकटतातच. गावात त्यांना ‘पापासी’ म्हणतात, म्हणजे गोचीड.

खांदे-गुडघे झाका. नक्षीदार दारांचे फोटो खुशाल काढा, दारातल्या बाईचा विचारूनच. प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, बंदी आहे.

संध्याकाळी फोरोधानी बागेत सगळे झांझिबार पिझ्झाच्या रांगेत. मी उरोजो घेते: कैरीचं आंबट पिठाळ सार, त्यात भजी आणि बटाटा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, नाहीतर वाटीत मांसाचे तुकडे पडलेच.