उन्हाळी सीझनमध्ये गावात घरच्या घरी बिअरचे प्रयोग कसे करायचे

पर्यटकांचा सीझन सुरू झाला की गावातलं पाणी, वीज आणि आपला वेळ सगळं पाहुण्यांकडे जातं, आणि बिअर बनवायची हुक्की पण नेमकी तेव्हाच येते. करा, पण गारव्याच्या मागे लागू नका. नेहमीचं एल यीस्ट (एल प्रकारच्या बिअरचं खमीर) 18 ते 20 अंशांत नीट चालतं, 30 च्या वर गेलं की जड अल्कोहोल बनवतं आणि बिअर घशाला झोंबते. ओलं फडकं आणि पंखा लावून थोडंफार तापमान उतरतं, पण लाइट गेली की संपलं. त्यापेक्षा उष्णता सोसणारं यीस्टच घ्या. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं क्वाइक यीस्ट, त्यातलं व्हॉस तर 35 ते 40 अंशांतही मस्त काम करतं, संत्र्याच्या सालीसारखा वास देतं आणि बऱ्याचदा तीन-चार दिवसांत आंबवणं उरकतं.

बॅच लहान ठेवा, 10 लिटर पुरे. साधारण अडीच किलो दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक जव) 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवा, गाळा, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालून तासभर उकळा. हे सगळं पहाटे करा, पाहुणे उठले की नळाचं प्रेशर जातं.

आता गार करणं. वर्टमध्ये (माल्टच्या गोड पाण्यात) वेटोळी नळी म्हणजे कॉइल बुडवून तिच्यातून पाणी सोडत बसलात तर शेजारी बोलणारच, आणि बरोबरच बोलतील. म्हणून उकळता वर्ट थेट जाड, फूडग्रेड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरा (गरम सोसणाराच हवा), हवा दाबून काढा, झाकण घट्ट लावून आडवा करा म्हणजे झाकणही आतून तापून निर्जंतुक होतं. रात्रभर आपोआप निवतं, एक थेंब पाणी वाया नाही. दुसऱ्या दिवशी यीस्ट टाकाच, आठवडाभर तसंच ठेवणं धोक्याचं. अजून एक, वर्ट बराच वेळ गरम राहतो म्हणून शेवटी टाकलेले हॉप्सही कडू होतात, वासाचे हॉप्स नंतर फर्मेंटरमध्येच (आंबवायच्या भांड्यात) घाला.

खरा प्रयोग इथे सुरू होतो. तोच वर्ट 5-5 लिटरच्या दोन भांड्यांत विभागा आणि एकच गोष्ट बदला. एकात क्वाइक, दुसऱ्यात सेझन (बेल्जियमच्या सेझन बिअरचं) यीस्ट, किंवा यीस्ट तेच ठेवून एकात फळ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर चव कशामुळे आली ते कळणारच नाही, मग वहीत काय लिहिणार?

बाटलीत भरायची घाई नको. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजायचं साधन) रीडिंग लागोपाठ तीन दिवस तेच आलं पाहिजे, मगच बाटलीत गॅस व्हावा म्हणून लिटरला 6-7 ग्रॅम साखर. फळ घातलेल्या बॅचला जरा जास्त दिवस द्या, कारण अर्धवट आंबलेली बिअर उन्हाळ्यात बाटली फोडते, काचा उडतात, यात गंमत नाही. बाटल्या तपकिरी घ्या, उन्हात ठेवलेल्या बिअरला घाण वास येतो. एक बाटली प्लास्टिकची भरा, दाबून कडक लागली की गॅस झाला.

पाहुणे मागणारच. घरी बनवायची परवानगी आहे का ते आधीच बघून ठेवा, आणि विकायला बहुतेक ठिकाणी वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे रूमच्या बिलात लावायचा विचारही नको. चाखायला द्यायची तर दोन ग्लास नाव न सांगता पुढे ठेवा आणि कुठला आधी संपतो ते बघा, तोंडावर सगळे छानच म्हणतात.