मदतीचा टेम्पो निघण्याआधी: निवाऱ्यात बायांच्या बाबतीत होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकला गोदावरीच्या काठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पुराचं पाणी लागलं की माझा फोन वाजायला लागतो. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढलेला असतो, सराफ बाजारात दुकानं रिकामी करायची धावपळ चाललेली असते आणि एखादा उत्साही पोरगा विचारतो, "मावशी, 200 किट तयार आहेत, कुठे टाकू?" टाकू म्हणे! मी उलट विचारते, तिथे बाया किती? गरोदर किती, अंगावर पाजणाऱ्या किती? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "आम्ही सगळ्यांना सारखंच देतो मावशी, भेदभाव नाही."

ही चूक भल्या माणसांचीच असते, म्हणून जास्त चिवट. पुरुषाचं पावसात भिंतीआड उभं राहून भागतं, बाईचं भागत नाही. एवढा एकच फरक धरला तरी त्या 'सारखं'चा हिशोब बिघडतो.

संडासाची कडी

2019 च्या ऑगस्टमध्ये नांदूरमध्यमेश्वर धरणाची फुग, म्हणजे साठलेलं पाणी, मागे चढली, तेव्हा चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यातल्या एका गावातल्या शाळेत निवारा उघडला होता. शंभरावर माणसं, चार संडास. मी पोहोचले, व्हरांड्यात मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "काही अडचण आहे का?" पुढे बसलेले चार बाप्ये म्हणाले, "काही नाही ताई, सगळं व्यवस्थित." बाया मागे, पदर सावरत, गप्प. मी वहीत 'अडचण नाही' लिहिलं. बाई आहे म्हणजे बायांचं मला आपोआप कळणार, असा माझा तेव्हा समज होता.

दुसऱ्या दिवशी रात्रीची खिचडी निम्मी उरली. तिसऱ्या दिवशीही तेच. खिचडीला मीठ कमी का मसाला जास्त, यावर स्वयंसेवकांची बैठक झाली, चक्क बैठक! तेवढ्यात गावातली आशाताई मला बाजूला घेऊन म्हणाली की चार जणींना लघवीला जळजळ आहे, एकीला थंडी वाजून ताप भरलाय. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी पाणी तपासायला निघाले होते. नातीची वेणी घालत बसलेल्या एका म्हातारीनं थांबवलं आणि विचारलं, "बाई, तू रातच्याला गेलीस का तिकडं?"

नव्हते गेले. मी रोज संध्याकाळी नाशिकला घरी परतत होते.

त्या रात्री गेले. एकाही दाराला आतून कडी नव्हती, एका दाराची खालची फळी कुजलेली, बल्ब उडालेला. वाट जायची ती पत्ते खेळत बसलेल्या पुरुषांसमोरून. रात्री जावं लागू नये म्हणून बाया दुपारी चारनंतर पाणीच पीत नव्हत्या आणि रात्रीचं जेवण दोन घासांवर उरकत होत्या. खिचडी बिचारी उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी चार कड्या, स्क्रू आणि एक पत्रा आणला. पत्त्यांचा अड्डा दुसऱ्या टोकाला हलवला. चारपैकी तीन संडास बायांना आणि एक पुरुषांना दिला. त्यावर कुरकुर झाली, पण हे प्रमाण माझ्या मनातलं नव्हतं. मानवतावादी मदतीत जगभर वापरतात ती स्फिअरची मानकं हेच सांगतात. बायांचे तीन, पुरुषांचा एक. पहिल्या धामधुमीत 50 माणसांमागे एक संडास चालतो, नंतर 20 मागे एक हवा. दाराशी मोठा दिवा लावायला मी निघाले होते, तर बायांनीच अडवलं. दाराशी झगझगीत उजेड असला की कोण आत गेलं ते सगळ्या मैदानाला दिसतं. वाटेवर दिवा लावा आणि आत छोटा बल्ब द्या, म्हणाल्या. हे कुठल्या प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत सहा कड्या, स्क्रू, पेचकस, सुतळी, गडद रंगाचं कापड आणि चार्जिंगचे दोन बल्ब असतात. पहिली रात्र मी निवाऱ्यातच झोपते आणि दोनच्या सुमाराला उठून संडासापर्यंत जाऊन येते. नवी मुलं हसतात, हसू देत. मोबाईलवर फॉर्म फिरवून दहा मिनिटांत 'गरजांचं सर्वेक्षण' उरकणाऱ्यांना मी एवढंच विचारते, तो मोबाईल घरात कुणाच्या हातात असतो? काही विचारायचं तर पाण्याच्या नळाशी, धुण्याच्या जागी, बायांच्या शेजारी बसून विचारा. मी तर भाजी निवडायला घेते. बोलणं आपोआप निघतं.

यादीतला 'कुटुंबप्रमुख'

यादीचा छापील कागद आला की त्यात पहिला रकाना कुटुंबप्रमुखाचा असतो आणि त्यात पुरुषाचं नाव पडतं. एका ठिकाणी दिराच्या घरात राहणारी विधवा आणि तिची दोन मुलं अशीच त्याच्या नावाखाली गेली. किट एक, दिराच्या हाती. तिच्यापर्यंत त्यातली चादर पोहोचली, तीही ओली. नवऱ्यानं टाकलेल्या बायांचं याहून वाईट. कागदावर त्या नवऱ्याच्या घरात, प्रत्यक्षात माहेरी, आणि दोन्हीकडच्या यादीत नाहीत. पेठ-सुरगाण्याहून मळ्यावर कामाला आलेल्या मजूर बायांना तर 'त्या आपल्या गावच्या नाहीत' म्हणून सरळ सोडून देतात.

मी दोन वह्या ठेवते. एकीत चुली, म्हणजे कुटुंबं, दुसरीत प्रत्येक प्रौढ बाईचं स्वतःचं नाव, तिच्याच तोंडून घेतलेलं. वेळ लागतो, हे मान्य. घाई असणाऱ्यांनी टेम्पो चालवावा, वही माझ्याकडे द्यावी. कुणी अडून बसलं तर आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 काढते. त्याच्या कलम 61 नुसार मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. कलम 12 मध्ये किमान मानकं ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितलंय.

पंचनाम्याला हेच दुखणं पुढे जातं, कारण घर आणि सातबारा पुरुषाच्या नावावर. आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, 1986 साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. तरी आजही पंचनाम्याच्या वेळी बाईला 'मालकाला बोलवा' असंच ऐकावं लागतं. पंचनामा चालू असताना तिला तिथे उभी करा, तिचं बँक पासबुक पिशवीत घालून तिच्याकडेच ठेवा.

बाकीचं थोडक्यात. पॅड वाटता, मग चड्ड्या, कागद आणि झाकणाची बादलीही द्या. कापड वापरणारीला धुवायला-वाळवायला आडोसा हवा. गरोदर बायांची यादी नव्यानं करू नका, आशाताईच्या रजिस्टरात ती आहे, आणि 108 ची गाडी पाण्याच्या अलीकडे कुठवर येते ते पहिल्याच दिवशी बघून या. तृतीयपंथी माणसाला कुठे झोपायचं ते त्यालाच किंवा तिलाच विचारा. 'महिला सहभाग' म्हणून दीडशे माणसांचा स्वयंपाक बायांच्या गळ्यात बांधू नका. पोळ्या पुरुषांनाही लाटता येतात, वेड्यावाकड्या झाल्या तरी पोटात जातात.

समितीत नावापुरत्या दोन बाया घेण्याचा तर मला मनस्वी कंटाळा आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर गावोगावच्या बायांना संवाद सहाय्यक नेमलं होतं. घरदुरुस्तीची माहिती घरोघर पोहोचवायची, लोकांची अडचण अधिकाऱ्यांपर्यंत न्यायची, असं खरं काम त्यांच्याकडे होतं. आपल्याकडे समितीतल्या बाईला हार आणायला पाठवतात. कोठीची किल्ली द्या तिच्याकडे.

आणि एक, 181 हा महिला हेल्पलाइनचा आणि 112 हा तातडीच्या मदतीचा, हे नंबर मंचामागच्या फ्लेक्सवर छापून काही होत नाही. सगळ्यांसमोर तिथे उभं राहून ते कोण उतरवून घेणार? मी ते मार्करनं संडासाच्या दारावर आतल्या बाजूनं लिहिते, कडीच्या वर.