वाए रेबोला पाहुणे म्हणून जाताना: फ्लोरेसच्या डोंगरातील कॉफीच्या गावासाठी मार्गदर्शन

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात, मंगाराई लोकांच्या डोंगराळ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर वाए रेबो हे गाव आहे. जंगलाने चहूबाजूंनी वेढलेल्या एका सपाटीवर सात उंच, निमुळत्या, शाकारलेल्या घरांचे अर्धवर्तुळ, भोवती कॉफीचे मळे आणि खालच्या गावांकडे उतरणारी पायवाट एवढाच त्याचा पसारा आहे. गाडीरस्ता गावापर्यंत पोहोचत नाही. या सात घरांची छायाचित्रे आता सर्वत्र दिसतात आणि ती पाहूनच बहुतेक प्रवासी येथे यायचे ठरवतात. मात्र हे गाव मुळात कॉफी पिकवून पोट भरणाऱ्या शेतकऱ्यांचे आहे, आणि बाहेरून आलेल्या प्रत्येकाला येथे आधी पाहुणा म्हणून रीतसर आत घेतले जाते. कधी जावे, किती वाजता चढायला लागावे, किती दिवस हाताशी ठेवावेत, या सगळ्याची उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

साधारणपणे मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चढाईला सोयीचा असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस लागतो, पायवाट निसरडी होते आणि जळवांचा उपद्रव वाढतो. या दिवसांत जाणाऱ्याने लांब मोजे आणि चांगली पकड असलेले बूट घ्यावेत. कॉफीची तोडणी वर्षाच्या मध्यावर जोरात असते. गाव कामात असताना पाहायचे असेल, तर हाच काळ निवडावा. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी प्रवाशांची आणि ईदच्या सुट्टीत देशातल्याच प्रवाशांची गर्दी असते, हे लक्षात ठेवावे. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास पेन्ती हा वर्षारंभाचा सोहळा होतो. त्यात पूर्वजांना नैवेद्य दाखवला जातो, ढोल आणि झांजा वाजतात, आणि चाची हा चाबूक व ढाल घेऊन खेळण्याचा मंगाराई खेळ रंगतो. पेन्तीसाठी जायचे असेल, तर पावसाची तयारी आणि राहण्याची आगाऊ विचारणा या दोन्ही गोष्टी टाळू नयेत, कारण त्या वेळी गावची माणसेच बाहेरून परत येतात आणि घरे भरलेली असतात.

प्रवासाची सुरुवात बहुधा लाबुआन बाजो या बंदराच्या शहरातून होते. बालीतील देनपासारहून तेथे विमानाने सुमारे सव्वा तास लागतो. तेथून देंगे या पायथ्याच्या गावापर्यंत मोटारीने पाच-सहा तास धरावेत. शेवटचा टप्पा अरुंद आणि ठिकठिकाणी उखडलेला आहे, त्यामुळे नकाशावरचे अंतर पाहून वेळेचा अंदाज बांधू नये. रुतेंग या थंड हवेच्या शहरातून जवळ पडते, आणि तेथून मागे लाकडी बाकडी टाकलेले मालवाहू ट्रक प्रवासी घेऊन खाली येतात. तो प्रवास स्वस्त आणि गमतीचा असला, तरी ट्रक कधी सुटेल हे चालकावर आणि मालावर अवलंबून असते. ज्यांच्याकडे मोजकेच दिवस आहेत, त्यांनी चालकासह गाडी ठरवणे शहाणपणाचे. पैसे काढण्याची यंत्रे लाबुआन बाजो आणि रुतेंग येथे आहेत, डोंगरात नाहीत. म्हणून रोख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) तेथूनच घ्यावेत आणि त्यात लहान नोटा भरपूर असाव्यात, कारण एक लाखाच्या नोटेची मोड देणे गावातल्या माणसाला नेहमी जमतेच असे नाही.

शक्य असेल तर चढाईच्या आदल्या रात्री देंगे किंवा समुद्रकाठच्या दिंतोर येथे मुक्काम करावा. दोन्हीकडे साधी पण नीटनेटकी घरगुती निवासाची सोय होते, आणि दिंतोरहून समोरच्या मुलेस बेटाचे दर्शन होते. वाटाड्याही येथेच ठरवावा. वाट चुकण्यासारखी नाही हे खरे. तरीही वाटाड्या घ्यावाच, कारण वर पोहोचल्यावर ज्येष्ठांसमोर तुमची ओळख करून देण्याचे काम त्याचे असते आणि त्याच्या मजुरीतून खालच्या गावांनाही पर्यटनाचा वाटा मिळतो.

देंगेपासून वाए लोंबा या ओढ्यापर्यंत मोटारसायकलवरून जाता येते आणि चढाईतला रटाळ भाग त्यामुळे वाचतो. ओढ्यापासून गाव दोन ते तीन तासांच्या अंतरावर आहे. पहिला टप्पा दमवणारा आहे. पोचो रोको या थांब्यापाशी श्वास घ्यायला जागा मिळते आणि हवा स्वच्छ असेल तर खाली समुद्र दिसतो. त्यानंतर वाट डोंगराच्या कुशीतून तुलनेने सावकाश जाते. याच वाटेने गावकरी कॉफीची पोती डोक्यावरून आणि पाठीवरून खाली नेतात, आणि परतताना तांदूळ, मीठ, साबण वर आणतात, कारण वर भातशेती नाही. समोरून ओझे घेऊन कोणी आले, तर आपण डोंगराच्या बाजूला सरकून त्यांना वाट द्यावी. सकाळी आठ-नऊच्या सुमारास निघाल्यास दुपारच्या जेवणापर्यंत आरामात पोहोचता येते. दुपारनंतर ढग उतरतात. तीननंतर चढायला सुरुवात करू नये.

गावाच्या अलीकडे एक लहान निवारा लागतो. तेथे बांबूचे टोले देऊन पाहुणे येत असल्याची वर्दी गावाला दिली जाते आणि हे काम वाटाड्या करतो. येथपासून एक नियम कटाक्षाने पाळायचा असतो: मुख्य घरात जाऊन स्वागताचा विधी होईपर्यंत छायाचित्रे काढायची नाहीत, इकडेतिकडे फिरायचे नाही आणि कोणाच्या घरात डोकवायचे नाही. सपाटीवर पाऊल ठेवताच सातही घरे एकदम समोर येतात आणि हात कॅमेऱ्याकडे जातो. तो तेवढ्यापुरता आवरावा.

मुख्य घर सर्वांत मोठे, सुमारे १५ मीटर उंच असते आणि गावाचे पवित्र ढोल व झांजा तेथे ठेवलेल्या असतात. दाराची चौकट ठेंगणी असल्यामुळे वाकून आत जावे लागते. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही. नाकाला लाकडाच्या धुराचा वास येतो, मग चटईवर मांडी घालून बसलेले ज्येष्ठ आणि त्यांच्या मागे टांगलेले ढोल हळूहळू दिसू लागतात. ज्येष्ठ मंगाराई भाषेत पूर्वजांना सांगतात की हे लोक दुरून आले आहेत, त्यांना आपले माना आणि ते घरी सुखरूप पोहोचेपर्यंत त्यांची राखण करा. या विधीला वाएलु म्हणतात. थोडी रक्कम ज्येष्ठांच्या हाती द्यायची असते. किती आणि कोणी द्यायची, हे वाटाड्याला चढतानाच विचारून ती वेगळी काढून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी पाकीट चाचपावे लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत. काही मिनिटांत विधी संपतो आणि त्यानंतर गावात मोकळेपणाने वावरता येते.

या घरांना म्बारू निआंग म्हणतात. लाकूड आणि बांबूचा सांगाडा वेताने बांधलेला असतो, त्याला खिळे नसतात, आणि शाकार जमिनीच्या जवळपर्यंत उतरलेला असतो. आत पाच मजले असतात आणि त्यांची मांडणी शेतकऱ्याच्या गरजांप्रमाणे आहे. खालच्या मजल्यावर कुटुंबे राहतात. मुख्य घरात आठ आणि इतर घरांत सहा कुटुंबांची जागा ठरलेली आहे. त्याच्या वर रोजचे धान्य आणि सामान, तिसऱ्या मजल्यावर पुढच्या हंगामाचे बियाणे, चौथ्यावर पीक बुडाले तर लागणारा साठा, आणि शेंड्यापाशी पूर्वजांच्या नैवेद्याची जागा. खाली चुलीचा धूर वर चढत राहतो, त्यामुळे लाकडाला आणि शाकाराला कीड कमी लागते. बियाणे माणसांच्या डोक्यावर आणि दुष्काळाचा साठा त्याच्याही वर ठेवणारे हे घर वाटाड्याकडून नीट समजावून घ्यावे. बाहेरून छायाचित्र काढून परतणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

आज दिसणारी सातही घरे सलग टिकून राहिलेली नाहीत. २००८ मध्ये योरी आंतार या इंडोनेशियन वास्तुरचनाकारांसह काही मंडळी येथे आली, तेव्हा चारच घरे उरली होती. पुढच्या काही वर्षांत जुन्या घरांची दुरुस्ती आणि नाहीशी झालेल्या घरांची उभारणी गावकऱ्यांनीच केली आणि त्या निमित्ताने बांधकामाची विद्या तरुणांच्या हाती आली. या कामाला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पर्यटन त्यानंतर वाढले, आणि पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशाचा काही भाग घरांच्या देखभालीसाठी लागतो. दर पाहून घासाघीस करू नये, ते याचसाठी.

मुक्कामाचा दर माणशी ठरलेला असतो. जेवणासह एका रात्रीसाठी तीन लाख रुपियांच्या पुढे रक्कम धरून चालावे. न राहता त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी दर कमी आहे. तरीही एक रात्र राहावेच. दिवसभराचे पाहुणे दुपारी उतरून गेल्यावर अंगण गावाला परत मिळते, मुले चेंडू घेऊन बाहेर येतात आणि बायका निवांतपणे मागावर बसतात. पाहुण्यांसाठीच्या घरात भिंतीकडेने गाद्या, उशा आणि ब्लँकेटे ओळीने मांडलेली असतात. वेगळी खोली मिळत नाही आणि रात्री थंडी चांगलीच पडते. जाड स्वेटर, विजेरी आणि भरलेली पॉवर बँक बरोबर ठेवावी. मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये आणि घरी तसे आधीच कळवून यावे. जेवण सगळ्यांचे एकत्र, जमिनीवर बसून होते: भात, पालेभाजी, अंडे किंवा कोंबडी, आणि चांगलीच तिखट मिरचीची चटणी. मांसाहार न करणाऱ्यांनी ‘साया तिदाक माकान दागिंग’ (मी मांस खात नाही) हे इंडोनेशियन वाक्य पाठ करावे आणि ते पोहोचताच सांगावे, कारण सामान खालून येत असल्यामुळे ऐन वेळी बदल करणे स्वयंपाकघराला जड जाते.

कॉफीसाठी सकाळ राखून ठेवावी. तोडणीच्या दिवसांत घरांपुढे चटया पसरलेल्या असतात आणि त्यांवर वाळणाऱ्या बिया ऊन फिरेल तशा हाताने वरखाली केल्या जातात. पाऊस येणार असे वाटले की चटयाच्या चटया गुंडाळून आत जातात. या चटयांवरून पाय टाकून जाऊ नये. वाळलेल्या बियांची टरफले उखळात कांडून काढली जातात, सुपात पाखडली जातात, आणि मग एखादी आजी मांडीवर सूप घेऊन काळ्या, फुटक्या बिया बोटाने बाजूला सारत बसते. तिच्या शेजारी बसून निवडायला हात लावला, तर सहसा कोणी नको म्हणत नाही. बाईला ‘मामा’ आणि पुरुषाला ‘बापा’ म्हणावे. अराबिका आणि रोबस्टा या दोन्ही जाती येथे होतात. कॉफी विकत घ्यायची असेल, तर गावातच घ्यावी. शहरातल्या दुकानात तीच महाग मिळते आणि पिकवणाऱ्याच्या हाती त्यातले थोडेच येते. हातमागावर विणलेल्या कापडाचेही तेच. कापडाच्या किमतीत विणणारीचे कित्येक दिवस असतात, म्हणून परवडत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे, पण भाव पाडू नये.

वागण्याबाबत आणखी काही गोष्टी सांगायला हव्यात. अंगणाच्या मध्यभागी दगडांचा गोल चौथरा आहे, त्याला चोम्पांग म्हणतात. ते पूर्वजांचे स्थान आहे. त्यावर चढणे किंवा बसणे हा मोठा अपमान समजला जातो. जोडप्यांनी चारचौघांत जवळीक टाळावी. मुलांना गोळ्या आणि पैसे वाटू नयेत. वह्या-पुस्तके द्यायची असतील, तर ती ज्येष्ठांकडे सोपवावीत. शाळेच्या वयाची बरीच मुले डोंगराखालच्या कोम्बो या जोडगावात राहून शिकतात, त्यामुळे शाळेच्या दिवसांत वर मुले कमी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नये. मंगाराई लोक बहुसंख्येने कॅथलिक आहेत आणि त्याच वेळी पूर्वजांचे विधीही मनापासून करतात. यावर शेरेबाजी करण्यापेक्षा प्रश्न विचारावेत. गावचा मूळपुरुष एम्पो मारो सुमात्रातील मिनांगकाबाऊ मुलखातून आला, असे परंपरा सांगते, आणि ही कथा ज्येष्ठ आनंदाने ऐकवतात.

प्लास्टिकचा कचरा वर टाकून येऊ नये. पिशवीत भरून तो शहरापर्यंत न्यावा. नाश्ता करून नऊच्या सुमारास निघाल्यास दुपारपर्यंत गाडीपाशी पोहोचता येते. उतरताना गुडघ्यांवर ताण येतो, म्हणून काठी घ्यावी. वाटाड्या ती वाटेतच तोडून देतो.

परतीचा मार्ग रुतेंगकडून घेतल्यास आधी तोदो लागते. मंगाराईच्या जुन्या राजांचे हे ठिकाण असून तेथेही मोठे पारंपरिक घर आहे. पुढे चांचार येथे एका टेकडीवर थोडे पैसे देऊन चढता येते आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखी आखलेली भातखाचरे दिसतात. प्रत्येक शेत मध्यबिंदूपासून बाहेर रुंदावत जाणाऱ्या पाचरीच्या आकाराचे असते, आणि कोणाला किती रुंद पाचर मिळायची हे जमिनीची वाटणी पाहणारा तुआ तेनो हा ज्येष्ठ कुटुंबाच्या मानाप्रमाणे ठरवत असे. सकाळी किंवा ऊन कलल्यावर या पाचरींच्या रेषा ठळक दिसतात, तेव्हा चालकाला त्या हिशेबाने वेळ सांगावी.